न्यायाधीशांकडून परत आलेलं ताट

आमच्या घरात हिशेब माझ्याकडे आणि निर्णय बायकोकडे, ही वाटणी बरीच वर्षं सुरळीत चालली होती. तीन वर्षांपूर्वी मुलीने ती मोडली. ती तेव्हा बारावीत होती, वय सतरा. मी अठ्ठेचाळीस. वरण-भात कालवता कालवता ती म्हणाली, "बाबा, आय वॉन्ट टु बी अ जज."

"कसली जज? गाण्याच्या स्पर्धेची?" मी विचारलं.

"फेडरल जज."

मी घास ताटात परत ठेवला. शारजात जन्मलेली, शारजात वाढलेली, पासपोर्ट भारताचा, व्हिसा माझ्या नोकरीवर, मराठी ऐकून कळतं पण उत्तर इंग्रजीतच येतं, आणि अरबी शाळेत शिकवलं तेवढंच. ही मुलगी कुठल्या फेडरल कोर्टात बसणार होती, ते तिलाच माहीत.

बायको म्हणाली, "अहो, जेवू द्या आधी तिला."

"मी कुठे अडवलंय? मी स्वतः जेवायचा थांबलोय."

मी एका अॅल्युमिनियम आणि काचेची कामं करणाऱ्या कंपनीत हिशेब बघतो. तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. कुठलीही गोष्ट कागदावर रकान्यांत मांडल्याशिवाय मला ती खरी वाटत नाही. म्हणून जेवण झाल्यावर एक कोरा कागद घेतला आणि तिच्यासमोर मांडणी केली. पाच वर्षं कायद्याचं शिक्षण, तिचं वय बावीस. मग न्यायाधीशाची परीक्षा आणि प्रशिक्षण, दोन वर्षं धरली. चोवीस. शेजारच्या रकान्यात माझं वय. पंचावन्न. पहिली नेमणूक एखाद्या तालुक्याच्या गावी. या सगळ्याच्या खाली मी लाल पेनाने लिहिलं, 'मराठी'. महाराष्ट्रात न्यायाधीश व्हायचं तर मराठी लिहिता, वाचता, बोलता आणि भाषांतर करता आलं पाहिजे.

"हे काय वाचता येतं का बघ," म्हणून मी सांगलीच्या आमच्या सोसायटीची नोटीस तिच्या हातात दिली. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीची नोटीस, एकच परिच्छेद. तिला बारा मिनिटं लागली. मी घड्याळ लावून बसलो होतो. 'उपरोक्त' या शब्दापाशी ती थांबली ती थांबलीच.

"झालं?" मी म्हटलं. "टाकीचं पाणी संपेल तोवर निकाल लागायचा नाही."

"बाबा, दॅट्स नॉट फेअर," ती म्हणाली आणि उठून गेली.

मला वाटत होतं तिने सीए करावं. आकड्यांत तिची गती चांगली आहे, माझ्यापेक्षाही. पण लॉच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म तिने अर्धा भरून ठेवला होता. फी भरायला माझं कार्ड लागणार होतं आणि पालक म्हणून सही माझी. शेवटची तारीख दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी होती. मी सांगून टाकलं, की माझी खात्री पटल्याशिवाय सही होणार नाही. त्यावर घरात जो अबोला पसरला, त्याने मी पुरता वैतागलो. रोज सकाळी तीन माणसं एका स्वयंपाकघरात, आणि बोलतोय फक्त मिक्सर.

हे खूळ आलं कुठून, याचा मी शोध घेतला. फार लांब जावं लागलं नाही. आमच्याच मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडच्या फ्लॅटमध्ये, एक सुदानी गृहस्थ राहायचे. उंच, हडकुळे, पांढरी दाढी नीट कापलेली. स्वतःची कचऱ्याची पिशवी स्वतः खाली नेणारे. ते शारजाच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश आहेत, हे आम्हाला वॉचमनने सांगितलं. त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. एकदा खाली लॉबीत दोन भाडेकरूंचं पार्किंगवरून भांडण जुंपलं होतं. त्यातला एक यांना बघून म्हणाला, "हे जज आहेत, हेच सांगतील कोण चुकलं." ते म्हणाले, "मी एकाचंच ऐकलंय. आणि हे कोर्ट नाही." एवढं बोलून लिफ्टमध्ये गेले. माझी मुलगी तेव्हा तिथे उभी होती. त्या दिवसापासून हे सुरू.

मला वाटलं, रोग जिथून आला तिथूनच औषध आणावं. यांना विचारावं, न्यायाधीश व्हायला किती वर्षं घालवली ते. एकदा यांच्या तोंडून खरे आकडे ऐकले की पोरीचं डोकं ठिकाणावर येईल.

दिवाळी आलीच होती. बायको दवाखान्यात बिलिंगला आहे, तरी फराळ घरीच करते. भाजणी सांगलीहून येते, बाकी सामान रोल्लाच्या बाजारातून. पातळ पोह्यांचं पाकीट सहा दिरहमला घेताना ती दुकानदारासमोरच मोठ्याने म्हणाली होती, "म्हणजे एकशे पस्तीस रुपये!" इतकी वर्षं झाली तरी तिचं हे थांबत नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही.

दरवर्षी मजल्यावरच्या बाकी तिन्ही घरी ताटं जातात. प्रत्येकात पाच चकल्या, पाच करंज्या, पाच रव्याचे लाडू, एक वाटी चिवडा, एक वाटी शंकरपाळी. ती मोजून भरते. त्या न्यायाधीशांकडे मात्र कधी दिलं नव्हतं, कारण ते बहुतेक वेळा घरी नसत. त्या वर्षी मी म्हटलं, "यांचं ताट मी नेतो. हिलाही बरोबर घेतो."

बायकोने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही? ताट घेऊन? काय बेत आहे?"

"शेजारधर्म," मी म्हटलं.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला आम्ही बापलेक गेलो. त्यांनी स्वतः दार उघडलं, ताट बघून हसले आणि आत बोलावलं. त्यांचं कुटुंब खार्टुमकडे होतं, घरात ते एकटेच. त्यांनी कॉफी केली, खजूर ठेवले. मी ताटावरचा रुमाल काढला. त्यांनी चकली उचलली, फिरवून फिरवून बघितली आणि खाल्ली. अख्खी. मला बरं वाटलं.

मग मी मूळ विषयाला हात घातला. "माझ्या मुलीला न्यायाधीश व्हायचंय. किती वर्षं लागतात, ते तुम्हीच सांगा तिला."

त्यांनी प्रश्न गंभीरपणे घेतला. इंग्रजी त्यांचं स्वच्छ होतं. कायद्याचं शिक्षण चार वर्षं. वकिलीची परीक्षा, त्यात एक वर्ष. दोन वर्षं उमेदवारी. मग लहान लहान गावांतल्या कोर्टांत तेरा वर्षं, सात गावं. अपिलाच्या कोर्टात आठ. आणि इथे करारावर दहा. मी मनात बेरीज करत होतो. अडतीस. अठराव्या वर्षी सुरुवात केली म्हणजे आता छप्पन्न. हिशेब चोख जुळत होता. मी मुलीकडे बघितलं, आता तरी चेहरा पडेल म्हणून.

"सात गावं म्हणजे मुलांच्या शाळा?" मी मुद्दाम विचारलं.

"थोरल्याच्या पाच शाळा झाल्या," ते म्हणाले. "आणि पहिल्या गावी तीन वर्षांत मी एकाही लग्नाला गेलो नाही. बोलावणं सगळ्यांचं यायचं. पण एकाच्या लग्नात जेवलो, की त्याच्या शेजाऱ्याला वाटणार, याचं काम झालं. माझी बायको फार चिडायची. म्हणायची, मी न्यायाधीशाशी लग्न केलं की तुरुंगाशी?"

मी मोठ्याने हसलो. मुलगी हसली नाही. ती पुढे सरकून बसली होती. हा औषधाचा उलटा परिणाम आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तिने विचारलं, "मला इथे होता येईल का?"

"तुला? नाही," ते शांतपणे म्हणाले. "इथे इथले नागरिक, किंवा माझ्यासारखे अरब देशांतून कराराने आलेले. सगळं काम अरबीत. तू तुझ्या देशात, तुझ्या भाषेत हो. तुझी भाषा कोणती?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

मग मी ती चूक केली. आपल्या लोकांची एक खोड आहे. कोणाच्या घरी गेलं, की ओळख काढायची. गाव कुठलं, आडनाव काय, कुठल्या कंपनीत, मग तिथले अमुक साहेब तुमच्या ओळखीचे असतील. ओळख निघाल्याशिवाय आपल्याला चहा उतरत नाही. कॉफीचा दुसरा कप आला, आणि मी ऐटीत म्हणालो, "तसा तुमच्या कोर्टाशी आमचाही संबंध आहे बरं का. आमच्या कंपनीची एक केस आहे तिथे, काचांच्या दर्जावरून सप्लायरशी. त्यातले सगळे खातेउतारे मीच तयार केलेत." आणि कंपनीचं नाव सांगितलं.

त्यांनी कप खाली ठेवला.

कपाचा आवाजसुद्धा झाला नाही. पण त्यांचा चेहरा असा झाला, की जणू कोणीतरी खोलीतला दिवा विझवलाय. ते उठले, ताटावर रुमाल नीट पसरला, चारी कोपरे सारखे केले आणि ताट माझ्या हातात दिलं.

"मला माफ करा," ते म्हणाले. "हे मला ठेवता येणार नाही. जे खाल्लं ते मला माहीत नसताना खाल्लं. आता याबद्दल आपण बोलायचं नाही."

दार लागलं. मी बाहेर हातात ताट घेऊन उभा. मुलगी पुटपुटली, "ओह माय गॉड, बाबा." तिच्या आवाजात ओशाळेपणा नव्हता. कौतुक होतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

घरी बायकोने रुमाल उचलून बघितला. चार चकल्या, पाच करंज्या, पाच लाडू, दोन्ही वाट्या जशाच्या तशा.

"अहो, रिकामं ताट परत देत नाहीत, त्यात साखर तरी घालतात, हे ऐकलं होतं," ती म्हणाली. "भरलेलं ताट परत? दिवाळीच्या दिवशी? काय बोललात तुम्ही त्यांना?"

"काही नाही. ओळख काढली."

"तुमची ओळख काढून माणसं फराळ परत देतात, हे आज कळलं."

मला वाटलं, प्रकरण इथे मिटलं. अपमान झाला तो झाला. पण दोन आठवड्यांनी ऑफिसात आमचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कागद फिरवणारा माणूस, कोर्टातून परत आला आणि सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. मॅनेजर जॉर्डनचे. त्यांचा आवाज बाहेर आला.

"निकाल या आठवड्यात होता! या आठवड्यात!"

आमच्या केसच्या न्यायाधीशांनी स्वतःहून अंग काढून घेतलं होतं. कारण लेखी नोंदवलं होतं, की एका पक्षाच्या माणसाशी शेजारी म्हणून भेट झाली आणि त्यात केसचा उल्लेख आला. फाइल दुसऱ्या न्यायाधीशांकडे. नवी तारीख चार महिन्यांनी. तोवर सगळं परत पहिल्यापासून वाचलं जाणार, माझे खातेउतारेसुद्धा.

मी माझ्या खुर्चीत बसून राहिलो. ते आमच्याच केसवर बसलेत, हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. कोर्टाचे कागद अरबीत येतात, ते वकील बघतात, मी फक्त आकडे देतो. पण हे कोणाला पटणार? एक मन म्हणालं, गप्प बस, शेजारी कोणीही असू शकतो. कंपनीत साठ माणसं. दुसरं मन म्हणालं, घरी सही अडवून बसलायस, खात्री पटली पाहिजे म्हणून, आणि इथे?

अर्ध्या तासाने मी केबिनमध्ये गेलो आणि सांगितलं.

मॅनेजरनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "हबीबी, एकवीस वर्षं तू मला पन्नास दिरहमच्या टॅक्सीची पावती मागतोस. एकवीस वर्षं! आणि तू जजच्या घरी मिठाई घेऊन गेलास?"

"मिठाई नाही, सर. चकली तिखट असते. आणि मला माहीत नव्हतं."

"किती खाल्लं त्याने?"

"एक नग."

"एक!" त्यांनी दोन्ही हात वर केले. "एका नगाचे चार महिने. सगळं ताट खाल्लं असतं तर आपण इन्शाल्ला दहा वर्षांनी भेटलो असतो. जा. खलास. जा, आणि दिवाळी आली की सुट्टी घेऊन भारतात जात जा."

नोकरी गेली नाही, फक्त वर्षभर ऑफिसात मी 'एक नग' या नावाने ओळखला गेलो. पण त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर इतका चिडलो होतो, की गाडी पार्क करून दहा मिनिटं तसाच बसून होतो. मी इतकी वर्षं स्वतःला काटेकोर समजत होतो. पावत्या जपणं म्हणजे काटेकोरपणा, अशी माझी समजूत. लिफ्टपलीकडच्या फ्लॅटमधल्या माणसाने एका चकलीसाठी स्वतःच्या हातातलं, निकालापर्यंत आणलेलं काम सोडून दिलं, आणि कारण लिहून दिलं. त्यात माझं नावही घातलं नाही.

घरी गेल्यावर मी बायकोला आणि मुलीला सगळं सांगितलं. फॉर्मची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती. फॉर्मचा विषय कोणीच काढला नाही.

बायको म्हणाली, "मुलीला जज व्हायचंय आणि बाप जजला फराळ पोचवतोय. छान घराणं आहे आपलं."

मुलीने विचारलं, "बाबा, यू टोल्ड युअर बॉस? बॉस डिडन्ट इव्हन नो?"

"नव्हतं माहीत."

"मग का सांगितलं?"

बऱ्याच दिवसांनी तिने मला मराठीत प्रश्न विचारला होता. मी पाकिटातून कार्ड काढलं आणि म्हटलं, "फॉर्म उघड. आणि अट ऐक. रोज एक पान मराठी, मोठ्याने वाचायचं. सोसायटीच्या नोटिसा माझ्याकडे पंधरा वर्षांच्या आहेत."

"पंधरा वर्षांच्या? बाबा, नो!"

"यल्ला, चल, उघड फॉर्म."

ती आता पुण्याला लॉच्या तिसऱ्या वर्षात आहे. मधल्या काळात नियम बदलला. आता परीक्षेला बसण्याआधी तीन वर्षं वकिली केलेली असावी लागते. माझा कागद चुकला. लाल पेनाने नवा केला. नेमणूक सत्ताविसाव्या वर्षी, माझं वय अठ्ठावन्न. कंपनीत साठाव्या वर्षी निवृत्ती, आणि निवृत्तीबरोबर व्हिसाही जातो. म्हणजे माझ्या हातात दोन वर्षांची शिल्लक. त्यात परीक्षेची जाहिरात वेळेवर निघेल असं धरलंय, आणि ते धरणं मला मुळीच पसंत नाही. कोणी ऐकून घेणार असेल तर यावर मी तासभर चिडू शकतो. बायको ऐकून घेत नाही.

ते न्यायाधीश केस संपेपर्यंत आमच्याबरोबर लिफ्टमध्ये चढले नाहीत. मी आत असलो की हात वर करून थांबायचे, पुढची लिफ्ट घ्यायचे. सुरुवातीला मी मोजत होतो, मग सोडून दिलं. अकरा महिन्यांनी दुसऱ्या न्यायाधीशांनी निकाल दिला, आम्ही निम्मं जिंकलो, आणि पुढे कोणी अपिलात गेलं नाही. त्यानंतरच्या महिन्यात एकदा ते लिफ्टमध्ये आले, माझ्याशेजारी उभे राहिले आणि विचारलं, "ती गोल काटेरी वस्तू, तिला काय म्हणतात?"

"चकली."

"उत्तम होती," ते म्हणाले. मग विचारलं, "मुलगी?"

"कायदा शिकतेय. भारतात."

त्यांनी मान हलवली. अकरावा मजला आला.

या दिवाळीत मुलगी आली नाही. पुण्याच्या कोर्टात एका न्यायाधीशबाईंच्या हाताखाली तिची महिनाभराची इंटर्नशिप चालू होती. बायकोच्या दवाखान्यातल्या एक बाई पुण्याला निघाल्या होत्या, त्यांच्याबरोबर तिने दोन डबे पाठवले. एक मुलीसाठी, दुसऱ्यावर चिठ्ठी, 'मॅडमसाठी'. मी नको म्हणालो होतो. "अहो, गुरू आहेत त्या तिच्या," बायको म्हणाली. "आणि त्यांच्याकडे तुमच्या कंपनीची केस आहे का? नाही ना?"

दोन दिवसांनी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. फोन बायकोने घेतला.

"आई, मॅडमना नाही देणार मी."

"अगं, पाचच चकल्या आहेत!"

"एक असली तरी नाही. त्यांच्यासमोर रोज माणसं उभी असतात. कोण कोणाचं काय लागतं, मला काय माहीत?"

"मग त्यांना विचार तरी. घ्यायचं की नाही ते त्यांना ठरवू दे."

"विचारलं की त्यांना नाही म्हणावं लागणार, आणि मला ते ऐकावं लागणार. नकोच ते."

सगळं मराठीत. एकदाही अडखळली नाही. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. बायकोने फोन माझ्या हातात कोंबला. "सांगा तुमच्या लेकीला. दुसऱ्यांदा माझा फराळ परत."

"परत नाही आलाय अजून," मी म्हटलं. मग मुलीला विचारलं, "डबा उघडलास?"

"नाही."

"मग चिठ्ठी काढ आणि हॉस्टेलच्या पोरींना वाट. आणि आजचं पान वाचलंस का?"

"बाबा," ती म्हणाली, "मी दिवसभर मराठीच वाचतेय. आज बावीस पानांचं निकालपत्र वाचलं."

"किती वेळ लागला?"

तिने सांगितलं. मी कागदावर लिहून ठेवलं. स्वयंपाकघरातून बायको म्हणत होती, की यापुढे या घरातून कोर्टाकडे एक शंकरपाळीसुद्धा जाणार नाही.